सरावाचा फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. पण मला फोन लावू नका, लागणार नाही. भिंतीकडे जाणारी माझी तार कोणीतरी वीतभर ठेवून कापली आहे आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आहे. तरीही मी भंगारात गेलेलो नाही. मला काम आहे. ते कसले, ते सांगण्याआधी माझ्या स्वभावाविषयी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज होणार नाही. माझा स्वभाव संशयी आहे. कोणी गोड बोलले की मला आधी प्रश्न पडतो, हा असे का बोलतो आहे?

हा स्वभाव मी जन्मासोबत आणला. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यातून गरम प्लॅस्टिक बाहेर आले, तेच माझे राखाडी अंग. एका बाईने माझ्या पोटात घंटा बसवली, दुसरीने तबकडी फिरवून पाहिली आणि तिसरीने रिसीव्हर कानाला लावून "हॅलो, हॅलो" केले. पलीकडे कोणीच नव्हते. तरी ती म्हणाली, "चांगला आहे," आणि मला खोक्यात घातले. माझ्या कानावर पडलेले पहिले बोलणे हे असे, पलीकडे कोणी नसताना केलेले.

तिथून मी मालवाहतुकीच्या एका ऑफिसात गेलो. ऐन उमेदीची वर्षे मी तिथे काढली. सकाळपासून माझी घंटा खणखणत असे. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे, "हा वाजतोय तोवर आपली चूल पेटतेय." कौतुक कोणाला आवडत नाही? पण मित्रांनो, त्या ऑफिसात मी जे ऐकले, त्याने माझा माणसांवरचा विश्वास पार उडाला. ट्रकला अजून चाक बसवायचे असे आणि कारकून माझ्यात तोंड घालून सांगे, "गाडी निघालीच आहे, साहेब." मालक समोर पाय पसरून बसलेले असत आणि कारकून सांगे, "ते आत्ताच बाहेर गेले." पलीकडचाही काही कमी नसे. पैसे कालच पाठवले, असे तो शपथेवर सांगे.

या खोटेपणातून मी एक गोष्ट मात्र शिकलो. खोटे बोलणारा रिसीव्हर घट्ट धरतो. तो तोंडाजवळ आणतो आणि दुसऱ्या हाताने माझ्या वळणावळणाच्या दोरीशी चाळा करतो. एकदा मात्र त्याच कारकुनाला घरून फोन आला, त्याची आई गेल्याचा. त्याचा हात इतका सैल पडला की रिसीव्हर त्याच्या खांद्याला टेकून राहिला. माणूस खरे ऐकतो किंवा खरे बोलतो तेव्हा त्याला पकडून ठेवायचे भान राहत नाही.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि मी कपाटावर गेलो. माझ्यावर धूळ बसली. तबकडीच्या भोकांत कोळ्याने जाळे केले. ऑफिस बंद झाले त्या दिवशी त्याच कारकुनाने मला खाली काढले, रुमालाने पुसले आणि एका पिशवीत घालून या केंद्रात आणून दिले. इथे माझ्यासारखाच आणखी एक होता, काळा. त्याचीही तार कापलेली होती.

आता हे केंद्र कसले, ते सांगायला हवे. सांगताना मी शब्द लपवणार नाही, कारण या गोष्टीत लपवलेल्या शब्दांनीच घोटाळा केला. मित्रांनो, कधीकधी माणसाचे मन इतके दुखते की त्याला जगणे नकोसे होते, आणि स्वतःचा जीव घ्यावा असा विचार त्याच्या मनात येऊ लागतो. त्याला आत्महत्येचा विचार म्हणतात. मनाचे असले तरी ते दुखणेच आहे. त्यावर उपचार असतात. ती कठीण वेळ कोणी सोबत बसून टाळली, तर पुष्कळ माणसे पुन्हा जगण्याकडे वळतात. पण सोबत बसायला आधी कोणाला तरी कळावे लागते, आणि कळायला विचारावे लागते. केंद्राच्या वरच्या मजल्यावर खऱ्या तारांचे फोन आहेत. तिथे अशी माणसे फोन करतात आणि शिकलेले स्वयंसेवक त्यांचे ऐकतात. खालच्या दालनात पूर्वी शिवणकामाचा वर्ग भरत असे. फरशीच्या फटींत अजून टाचण्या सापडतात. त्या दालनात स्वयंसेवकांचे आणि वस्तीतल्या इतर लोकांचे प्रशिक्षण चालते. तिथल्या टेबलावर मी आणि काळा असतो. आम्ही सरावाचे फोन.

सराव असा चालतो. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एकीवर फोन करणारा बसतो, त्याच्या हातात मी. दुसरीवर ऐकणारा, त्याच्या हातात काळा. सुरुवातीला फोन करणाऱ्याने मोठ्याने सांगायचे, "आज मी अमुक आहे," म्हणजे नापास झालेला मुलगा, नोकरी गेलेला माणूस, असे काहीही. मग दोघांनी बोलायचे. संपले की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, म्हणजे नवख्याला धीर येतो.

मला हे काही पटले नव्हते. आधीच खोटे ऐकून कान किटलेले, त्यात इथे तर ठरवून खोटे बोलायचे! भिंतीवर मोठा फलक, खाली खुर्च्यांच्या रांगा, मधल्या सुटीत चहा, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. एवढ्याने कोणाचा जीव वाचतो, असे मला मनापासून वाटत असे. वर्ग घेणारी बाई पूर्वी इस्पितळात परिचारिका होती. तिला सगळे अजून सिस्टरच म्हणत. ती फार बोलत नसे, त्यामुळे तिच्याविषयी तर मला जास्तच संशय होता.

एका वर्गाला मात्र माझ्याहून संशयी कोणी येऊन बसले. ती एक मध्यमवयीन बाई होती, अगदी मागच्या रांगेत बसलेली. पुस्तके छापण्याआधी त्यांतल्या चुका काढायचे तिचे काम होते. पहिल्याच दिवशी तिने हात वर करून सांगितले की फलकावर 'प्रतिबंध' हा शब्द चुकला आहे, 'ति' ऱ्हस्व हवी. मग तिने थंडपणे विचारले, "एक शब्द धड लिहिता येत नाही, तिथे माणसं कशी थांबवणार तुम्ही?"

सगळे चपापले. सिस्टरने टेबलाच्या खणातून जाड पेन काढले, तिच्या हातात दिले आणि खुर्ची फलकाखाली नेऊन ठेवली. बाई खुर्चीवर चढली आणि तिने वेलांटी दुरुस्त केली. त्या दिवसापासून तिचे नाव प्रूफबाई पडले.

पण ती तेवढ्याने निवली नाही. उतरल्यावर तिने विचारले, "हे शिकून कोण वाचलंय, दाखवा मला एक तरी."

"नाही दाखवता येत," सिस्टर म्हणाली. "वाचलेली माणसं आत्ता घरी कांदा चिरत असतील, नाहीतर बसच्या रांगेत भांडत असतील. ती काही पाटी लावून हिंडत नाहीत."

प्रूफबाई खाली बसली. तिचे समाधान झालेले नव्हते. माझेही नव्हते. पुढे चहाच्या वेळी पार्लरवाली सिस्टरला हळू आवाजात सांगत होती ते मी ऐकले. प्रूफबाईचे वडील आदल्या वर्षी आत्महत्येने गेले होते. नातेवाइकांनी सगळ्यांना अपघात म्हणून सांगितले होते. तिने स्वतः कोणाला काहीच सांगितले नव्हते.

पार्लरवाली म्हणजे कोपऱ्यावर केस कापण्याचे दुकान चालवणारी बाई. खुर्चीत बसलेल्या बायका तिच्याजवळ मन मोकळे करत, म्हणून सिस्टरने तिला वर्गाला ओढून आणले होते. दुसरे होते शाळेतले खेळाचे शिक्षक. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून ते शिट्टीसर. आणि तिसरे, ज्यांच्यावाचून वर्गाचे पान हलत नसे, ते रंगकाका.

रंगकाकांनी आयुष्यभर नाटकांत काम केले, पण पडद्यामागे. ते नटांचे चेहरे रंगवत. आता हात थरथरू लागल्यामुळे पापणीची रेघ नीट येत नसे, म्हणून त्यांनी ते काम सोडले होते. बायको पूर्वीच गेली होती, मूलबाळ नव्हते. गावाच्या दुसऱ्या टोकाला धाकटी बहीण राहत असे. केंद्रात ते कित्येक वर्षे फोन करणाऱ्याची भूमिका करत. आयुष्यभर दुसऱ्यांना सजवले, आता आपली पाळी, असे म्हणत. त्यांचा नापास मुलगा ऐकून शिट्टीसरांचे डोळे भरून आले होते. कोणी वाहवा केली की ते विचारत, "बोला, कोणत्या डोळ्यातून पाणी काढू? डाव्यातनं जरा उशीर लागतो."

मला मात्र ते फसवू शकत नसत. ते हमसून रडत तेव्हाही रिसीव्हर घट्ट धरलेला असे आणि बोटे दोरीशी खेळत असत. मी मनात म्हणे, चालू द्या तुमचे.

एके दिवशी सिस्टरने सगळ्यांना एकच काम दिले. समोरच्याच्या मनात आत्महत्येचा विचार आहे असा तुम्हाला संशय आला, तर तुम्ही काय विचाराल, ते एकेकाने उभे राहून सांगा.

शिट्टीसर उठले. "काय रे, तसलं काही नाही ना?"

पार्लरवाली म्हणाली, "मी म्हणेन, ताई, मनात काही वेडंवाकडं येत नाही ना?"

बाकीचे उठले, बसले. शब्द निराळे, पण प्रत्येकाच्या शेवटी तेच. काही नाही ना. असं नाही ना. ठीक आहे ना. रंगकाकांनी तर हात जोडून नाटकी सुरात म्हटले, "बाळा, मला घोर लागेल असं काही नाही ना?" आणि सगळे हसले.

सिस्टर हसली नाही. तिने शिट्टीसरांना विचारले, "सर, 'तसलं काही नाही ना' असं विचारलं की पोरगा काय सांगेल?"

"नाही म्हणेल."

"का?"

सरांनी गळ्यातली शिट्टी चाचपली. सिस्टर म्हणाली, "कारण उत्तर तुम्हीच दिलंत. त्याने फक्त मान हलवायची. 'नाही ना' म्हणजे प्रश्न नाही, विनंती आहे. बाबा रे, नाही म्हण, म्हणजे मी सुटलो. जो आधीच म्हणतोय की माझं सगळ्यांना ओझं झालंय, तो तुमची विनंती लगेच मान्य करेल."

मित्रांनो, त्या क्षणी मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रूफबाई उठून बाहेर गेली. व्हरांड्यात ती पाठमोरी उभी राहिलेली मला टेबलावरून दिसत होती. तिने डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही. नुसती कठड्याच्या रंगाचे पोपडे नखाने काढत राहिली.

आत पार्लरवालीने शंका काढली, की असे थेट विचारले आणि नसलेला विचार डोक्यात शिरला तर? सिस्टरने सांगितले की ही भीती सगळ्यांनाच वाटते, पण विचारल्याने तसे होत नाही. विचार नसला तर माणूस सरळ नाही म्हणतो. असला, तर इतके दिवस एकट्याने धरून ठेवलेली गोष्ट खाली ठेवायला त्याला जागा मिळते. मग तिने सगळ्यांकडून तो प्रश्न पूर्ण म्हणून घेतला, 'ना' न लावता, मुख्य शब्द न गाळता. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडणारे शिट्टीसर त्या शब्दापाशी आले की पुटपुटत. पार्लरवाली म्हणाली, जीभच उचलत नाही. सिस्टर म्हणाली, "म्हणून तर सराव."

प्रूफबाई शेवटी आत आली. तिने तो प्रश्न एकदाच म्हटला, स्पष्ट, आणि खाली बसली.

तरीही मी म्हणत होतो, खोटे खोटे विचारणे सोपे आहे.

प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस आला. प्रमाणपत्रे द्यायला केंद्राचे अध्यक्ष यायचे होते, म्हणून खुर्च्यांवर पांढरी कापडे घातली होती. रंगकाका लवकर आले. दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा. हातात त्यांची रंगांची पेटी होती, ब्रशांची. ती त्यांनी पार्लरवालीच्या मांडीवर ठेवली. "तुला उपयोगी पडेल. माझ्याकडे नुसती धूळ खातेय."

पार्लरवालीने झाकण उघडून एकेक ब्रश पाहिला. सगळ्यांना भरून आले. माणूस आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू एकाएकी वाटून टाकू लागला तर तिकडे लक्ष द्या, हे सिस्टरने आदल्याच आठवड्यात शिकवले होते. पण ते शिकवले होते फोनवरच्या अनोळखी माणसांबद्दल. रंगकाका तर आपले होते! प्रूफबाई मात्र पेटीकडे पाहत राहिली. तिचा चेहरा पाने चाळताना एका ओळीवर अडकावे तसा दिसत होता.

अध्यक्ष आले. एवढ्यात वरून सिस्टरला बोलावणे आले; खऱ्या फोनवर कोणी होते आणि नव्या स्वयंसेवकाला मदत हवी होती. अध्यक्षांना घाई होती. सिस्टरने जाता जाता सांगितले की मी येईपर्यंत एक सराव दाखवा. फोन करणारे रंगकाका, ऐकणारे शिट्टीसर.

रंगकाका बसले आणि त्यांनी मला उचलले. हात गार होता. मी सवयीने वाट पाहिली, आता दोरीशी चाळा सुरू होईल. झाला नाही.

"बोला, मी ऐकतोय," शिट्टीसर म्हणाले.

"बोलण्यासारखं काही नाही," रंगकाका म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. त्यात चढउतार नव्हते. "घर आवरलं. कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्यांना सांगून ठेवलंय. बहिणीकडे जाऊन आलो. तिला म्हटलं, तुझ्या हातचं जेवलो, बरं वाटलं. आता कुणाचं काही राहिलेलं नाही माझ्याकडे. म्हटलं, कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत."

शिट्टीसर घाईत पुढचा प्रश्न शोधू लागले. समोर अध्यक्ष बसलेले. सरांनी एकटेपणाविषयी काहीतरी विचारले, रंगकाकांनी होकार दिला. मग तो प्रश्न आला, आणि सरांची जीभ त्या शब्दापाशी पुन्हा अडखळली.

"म्हणजे... मनात तसलं काही नाही ना?"

"नाही," रंगकाका म्हणाले.

आणि मित्रांनो, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी सर्वांत जोरात वाजवल्या. हुबेहूब, असे म्हणाले. पार्लरवालीने डोळे टिपले. रंगकाका उभे राहून किंचित झुकले.

मी मात्र गारठलो होतो. सबंध संभाषणात रिसीव्हर त्यांच्या खांद्याला टेकलेला होता. हात सैल होता. जे माझ्या उभ्या आयुष्यात एकदाच घडले होते, ते मी दुसऱ्यांदा पाहत होतो. अंगात घंटा असून वाजता न येणे म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळले.

लोक चहाकडे वळले. रंगकाकांनी पिशवी खांद्याला लावली आणि फोटोला न थांबता ते दाराकडे निघाले. प्रूफबाई आडवी आली.

"काका, माझा सराव राहिलाय. एकदा बसा."

"दमलोय गं आज. पुढच्या वर्गाला बघू."

"आजच. दोन मिनिटं."

ते सभ्य गृहस्थ होते. बाईमाणसाला नाही म्हणणे त्यांच्या जिवावर आले. ते बसले. मला उचलून त्यांनी पुन्हा खांद्याशी धरले. पलीकडे प्रूफबाईने काळ्याला उचलले.

"तुम्ही मघाशी एक गाळलंत," ती म्हणाली. "आज मी अमुक आहे, असं सुरुवातीला सांगायचं असतं. तुम्ही कधी विसरत नाही. आज तुम्ही कोण होता?"

रंगकाकांनी एका हाताने खांद्यावरची पिशवी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "सुचलं नाही कोणी."

"काका, तुमच्या मनात काही तसं नाही..." प्रूफबाई बोलता बोलता थांबली. तो 'ना' तिच्या ओठांवर आलेला होता. तिने तो गिळला. काळ्याला तिने जागेवर ठेवले, उठली, खुर्ची फिरवली आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. त्यांच्या हातातून तिने मलाही काढून घेतले.

"काका, तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो आहे का?"

चहाच्या टेबलावर कपबशा वाजत होत्या. रंगकाका तिच्याकडे पाहत राहिले.

"हो," ते म्हणाले.

लगेच त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचे हसू आले. "काय, वाटलं की नाही खरं? म्हटलं, बघू प्रूफबाई फसते का."

मित्रांनो, इथे कोणीही सुटकेचा निःश्वास टाकून हसले असते. प्रूफबाई हसली नाही. माझ्याइतकीच संशयी होती ती, हे किती बरे झाले!

"अभिनय असेल तर उद्या हसेन मी तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "आज मात्र माझा विश्वास नाही. आज मी इथून उठत नाही, आणि तुम्हालाही उठू देत नाही."

हसू तसेच राहिले. या वेळी पाणी दोन्ही डोळ्यांतून एकदमच आले. मग ते म्हणाले, "टाळ्या पडल्या ना, तेव्हा वाटलं, चला, शेवटचा प्रयोगही रंगला. आता कुणाला काही कळायचं नाही."

तिने त्यांना उपदेश केला नाही. आयुष्य किती सुंदर आहे, असे काही सांगितले नाही. तिने फक्त त्यांचा हात धरला आणि मान न वळवता, मोठ्या आवाजात पार्लरवालीला हाक मारली, "सिस्टरला खाली बोलव. आत्ता."

सिस्टर आली. तिने आधी अध्यक्षांना आणि कॅमेरेवाल्याला नमस्कार करून बाहेर काढले. मग ती खुर्ची ओढून त्या दोघांजवळ बसली आणि तिनेही थेट, शांतपणे पुढचे प्रश्न विचारले. रंगकाका एकेकाचे उत्तर देत गेले. किती महिने झोप नव्हती, आरशासमोर बसले की रिकाम्या हातांचे काय करावे कळत नव्हते, सगळे सगळे. शिट्टीसर दाराशी उभे होते. ते जवळ येऊन एवढेच म्हणाले, "काका, माझं चुकलं." रंगकाका म्हणाले, "अहो, मी तरी कुठे मदत केली तुम्हाला?" आणि त्या परिस्थितीतही दोघांना थोडे हसू आले.

त्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली गेली नाहीत. रंगकाकांना एकटे सोडायचे नाही असे ठरले. शिट्टीसर आणि सिस्टर त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. बहिणीला कळवले, ती तिथेच येऊन थांबली आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेली.

दालन रिकामे झाले. संध्याकाळी सिस्टर परत आली तेव्हा प्रूफबाई कपबशा विसळत होती. पाठमोरीच ती बोलली.

"मी बाबांना विचारलं होतं. पेपर वाचत होते ते. मी म्हटलं, काही होत नाहीये ना तुम्हाला? ते म्हणाले, नाही गं. मग मी कामाला निघून गेले."

सिस्टरने फडके घेतले आणि ती एकेक कप पुसू लागली. पुसता पुसता म्हणाली, "तुला तेव्हा जेवढं येत होतं तेवढं तू विचारलंस. आणि बरोबर विचारलं की माणूस दर वेळी राहतोच, असंही मी तुला सांगणार नाही. नीट विचारूनसुद्धा गेलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून विचारायचं सोडायचं नाही, एवढंच मला येतं."

प्रूफबाईने मान हलवली. तिला ते पटले की नाही, हे मला सांगता येणार नाही. ती पुढच्या वर्गाला पुन्हा आली, एवढे मात्र खरे. आणि या वेळी पुढच्या रांगेत बसली.

मित्रांनो, त्यानंतर आमच्याकडची एक रीत बदलली. सराव संपला की आता कोणी टाळ्या वाजवत नाही. ऐकणाऱ्याने फोन खाली ठेवायचा, खुर्ची फिरवायची, फोन करणाऱ्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची आणि विचारायचे, आता तू स्वतः कसा आहेस? आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहायचे. नवख्यांना ते अवघडल्यासारखे होते. सिस्टर म्हणते, होऊ दे.

रंगकाका बरेच महिने आले नाहीत. औषध चालू होते, डॉक्टरांकडे जाणे चालू होते. मग एके दिवशी ते बहिणीबरोबर आले, जरा वाळलेले, दाढी अर्धवट. फोन करणाऱ्याची भूमिका आता ते करत नाहीत. ते कोपऱ्यात बसून नवख्यांना आवाज मोकळा कसा सोडावा ते शिकवतात, म्हणजे अवघड शब्दापाशी जीभ अडखळत नाही. शिट्टीसर त्यांचे पहिले विद्यार्थी.

प्रूफबाई दर वर्गाच्या शेवटी खुर्ची त्यांच्यासमोर नेते आणि तोच प्रश्न विचारते, तितकाच स्पष्ट. रंगकाका वैतागतात. "दर वेळी काय विचारायचं ते? मी काय पळून चाललोय?" असे म्हणतात. ती बसून राहते. मग ते खरे सांगतात. कधी म्हणतात, "आला होता परवा. बहिणीला उठवलं, बोललो तिच्याशी." कधी म्हणतात, "आज नाही." गेल्या वेळी म्हणाले, "आज नाही. पण पुढच्या वेळी विचार हं, विसरू नकोस."

मित्रांनो, अशा गोष्टीत शेवटी माझ्यासारख्याने विनवायचे असते, मला पुसा, मला जपा. मला ते नको. मी फुटलो तर दुसरा मिळेल. मला तुमच्याकडे निराळेच मागायचे आहे. तुम्ही लहान आहात. कोणाचा जीव वाचवणे हे तुमचे काम नाही. पण तुमचा एखादा मित्र किंवा घरातले कोणी गप्प झाले, आवडत्या वस्तू वाटू लागले, आपण नसलो तरी चालेल असे बोलू लागले, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवू नका, त्याने शपथ घातली असली तरी. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. त्याने हसण्यावारी नेले तर दुसऱ्याला सांगा. आणि असे विचार तुमच्याच मनात येत असतील, तर तेही याच शब्दांत सांगा. तुम्ही ओझे नाही आहात.

मोठे झालात की मात्र माझ्यासारखे व्हा, थोडे संशयी. आपल्या माणसाने "मी ठीक आहे" म्हटले, की लगेच निघू नका. खुर्ची फिरवा आणि थोडे बसा.